रोजच्या दिवसाचे समाधान : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

‘आपण हे सगळे कशासाठी करतो, असा प्रश्न तुम्हांला कधी पडतो का?’ असे आम्ही मागील अंकात वाचकांना विचारले होते. आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे संक्षेपाने दिले आहेत; पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. उत्तरे देण्यापूर्वी माझ्याविषयी एक गोष्ट स्पष्ट करते. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. आयुष्यातील २६ वर्षे मी मुद्रितशोधनाचे काम केले आणि त्यानंतर हे सदर लिहू लागले. त्यामुळे या उत्तरांत जे आहे ते काही वाचनातून आणि काही जगण्यातून आलेले आहे.

प्रश्न : माझे वय ४१ आहे. मी एका कार्यालयात हिशेब विभागात काम करते. नोकरी पक्की आहे, घरची माणसे चांगली आहेत, मुले अभ्यासात नीट आहेत. तक्रार करावी असे काहीच नाही, आणि तरीही रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ‘हे सगळे कशासाठी?’ असे वाटत राहते. कोणाला सांगितले तर ‘तुला काय कमी आहे?’ असे उत्तर मिळते. उद्दिष्ट शोधायचे असेल तर सुरुवात कोठून करू?

उत्तर : ‘तुला काय कमी आहे?’ असे विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, परंतु ते तुमच्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत; ते वेगळ्याच प्रश्नाला उत्तर देत असतात. ते सुखाविषयी बोलतात आणि तुम्ही अर्थाविषयी विचारता. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच ओळखले होते. केवळ उपभोगाचे जीवन आणि आपल्यातील उत्तम गुण कामी लावून जगलेले जीवन यांत त्याने फरक केला होता. अलीकडच्या काळात, २०१३ मध्ये, मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४०० प्रौढ व्यक्तींच्या उत्तरांवरून हाच फरक तपासला. गरजा भागणे, प्रकृती चांगली असणे, जगणे सोपे वाटणे यांचा संबंध त्यांना सुखी वाटण्याशी दिसला, परंतु आयुष्य अर्थपूर्ण वाटण्याशी तो जवळजवळ दिसला नाही. अर्थपूर्णतेचा संबंध दुसऱ्यांना काही देण्याशी, भूतकाळ आणि भविष्यकाळ यांचा एकत्र विचार करण्याशी, इतकेच नव्हे तर काळजी आणि ताण यांच्याशीही दिसला. तेव्हा घरात सर्व काही ठीक असणे आणि मनात ‘कशासाठी?’ उमटणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि तसे वाटणे हा कृतघ्नपणा नव्हे.

आता सुरुवातीविषयी. वयाच्या पस्तिशीत मलाही हाच प्रश्न पडला होता. मुद्रितशोधकाचे काम असे की ते नीट झाले तर कोणाच्या लक्षात येत नाही आणि चुकले तर सर्वांच्या लक्षात येते. दिवसभर ऱ्हस्व-दीर्घ, काने-मात्रे आणि विरामचिन्हे पाहून डोळे शिणत, आणि घरी जाताना वाटे की एवढे करून आपण जगात नेमके काय वाढवले? ‘कशासाठी?’ हा प्रश्न इतका मोठा आहे की एका दिवसाच्या कामातून त्याचे उत्तर निघतच नाही; कोणताही दिवस त्याच्यापुढे अपुराच ठरतो. एकदा अंकगणिताच्या एका पुस्तकाची शेवटची मुद्रिते माझ्याकडे आली. मागे दिलेल्या उत्तरांत एका उदाहरणाचे उत्तर चुकीचे होते. दोन अंकांची अदलाबदल झाली होती. ते मी दुरुस्त केले आणि सहज मनात आले की ही चूक राहिली असती, तर कोठेतरी एखाद्या मुलाने गणित बरोबर सोडवूनही आपले चुकले असे समजून ते खोडले असते. त्या मुलाला मी कधी पाहिले नाही आणि त्यालाही माझा पत्ता नाही. पण त्या दिवसापासून मी ‘कशासाठी?’ हा प्रश्न बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी ‘कोणासाठी?’ असे विचारू लागले. हा प्रश्न लहान आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक दिवशी मिळते.

तुमच्या कामात ते उत्तर माझ्या कामापेक्षा अधिक जवळ असावे. वेळेवर आणि बिनचूक निघालेला पगार कोणाच्या तरी घरचा हप्ता चुकू देत नाही. आधीच लक्षात आलेली एक चुकीची नोंद एखाद्या सहकाऱ्यावरचा विनाकारण संशय टाळते. ॲमी रेझ्नेव्स्की या संशोधिकेने १९९७ मध्ये दाखवून दिले की लोक आपल्या कामाकडे तीन प्रकारे पाहतात : काहींना ते पोट भरण्याचे साधन वाटते, काहींना वर चढण्याची शिडी वाटते, तर काहींना ते स्वतःच करण्याजोगे वाटते. त्या अभ्यासात साहाय्यक म्हणून कार्यालयीन काम करणाऱ्या २४ व्यक्तींचा एक गट होता. हुद्दा जवळपास सारखा असूनही तो या तीन प्रकारांत साधारण सारखाच विभागलेला होता. पुढे, २००१ मध्ये, जेन डटन यांच्यासह लिहिताना त्यांनी रुग्णालयातील सफाई कामगारांचे उदाहरण दिले. त्यांतील काही जण नेमून दिलेली सफाई करून मोकळे होत, तर काही जण रुग्णांशी व त्यांच्या नातेवाइकांशी चार शब्द बोलत, परिचारिकांच्या कामाच्या वेळा पाहून आपले काम आखत आणि आपण रुग्ण बरे करण्याच्या कामातच आहोत असे समजत.

म्हणून माझे सांगणे एवढेच की दोन आठवडे, काम संपवून उठताना, आज आपले काम कोणापर्यंत पोहोचले ते एका ओळीत लिहून ठेवा. भावना लिहू नका. केवळ माणूस आणि काम लिहा. काही सुचले नाही तर ती जागा कोरी सोडा. दोन आठवड्यांनी पान बरेचसे भरलेले असेल, तर तुमचा अर्थ तेथे आधीपासूनच होता, फक्त त्याची नोंद होत नव्हती. ते कोरे राहिले असेल, तर तेही मोलाचे उत्तर आहे. मग बदल कदाचित कामातच करावा लागेल, किंवा कामाबाहेरच्या वेळात काही जोडावे लागेल. येथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. जेथे मोबदला अन्याय्य आहे किंवा रोज अपमान होतो, तेथे अर्थ शोधत बसू नये. तेथे दुरुस्ती परिस्थितीत हवी आहे, आणि ती आपल्या दृष्टीत करत राहण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

आणखी एक गोष्ट. हा प्रश्न रात्री येऊन सकाळी मागे पडत असेल तर तो विचार आहे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन खिन्न असेल, आवडत्या गोष्टींतही रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते. त्यासाठी वही पुरेशी नाही, डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे. माझ्या बरोबरीच्या प्रत्येकाला कशाची ना कशाची तरी जबरदस्त आवड आहे. मला नाही. अनेक गोष्टी सुरू करून पाहिल्या. थोड्या दिवसांत उत्साह ओसरतो. माझी खरी आवड मला कशी सापडेल?

उत्तर : आपली भाषा या बाबतीत काय सांगते ते पाहा. आपण म्हणतो की गोडी लागते, छंद लागतो, नाद लागतो, लळा लागतो. ‘मला वाचनाची गोडी सापडली’ असे कोणी म्हणत नाही. लागायला सहवास हवा आणि काळ हवा. कोठेतरी तयार होऊन आपली वाट पाहत बसलेली आवड शोधून काढायची असते, ही कल्पनाच तुम्हांला थकवते आहे असे मला वाटते.

पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हेच तपासले होते. आवड आपल्यात आधीपासून ठरलेली असते असे मानणाऱ्यांना एखादा विषय प्रथम रंजक वाटला, तरी तो अवघड होताच त्यांचा रस झपाट्याने कमी झाला. आवड हळूहळू घडते असे मानणाऱ्यांचा रस त्या मानाने टिकून राहिला. पहिल्या गटातील लोकांची अपेक्षा अशी असते की खरी आवड असेल तर ती आपोआप पुढे नेईल, आणि म्हणून पहिली अडचण आली की ‘ही माझी आवड नव्हेच’ असा निष्कर्ष ते काढतात. तुमचा उत्साह नेमका कोणत्या टप्प्यावर ओसरला, हे आठवून पाहा. तो प्रत्येक वेळी पहिल्या कंटाळवाण्या सरावापाशी ओसरला असेल, तर दोष विषय निवडण्यात नाही.

एक विषय घ्या आणि त्यातील पहिली अडचण ओलांडेपर्यंत तो सोडायचा नाही असे ठरवा. निवडताना कोणत्या कामातील रटाळ भाग तुम्हांला इतरांपेक्षा कमी जाचतो, याकडे अधिक लक्ष द्या. मला अक्षरांकडे तासन्‌तास पाहण्याचा फारसा त्रास होत नसे, एवढीच माझी सुरुवातीची पात्रता होती. कामावरचे प्रेम बरेच पुढे, सहाव्या-सातव्या वर्षी आले. २३ व्या वर्षी ते माझ्याजवळ नव्हते. तुमच्या बरोबरीच्या मंडळींपैकीही अनेकांजवळ ते नसावे, असे माझे मत आहे; लोक आपली आवड सांगतात, तितक्या मोकळेपणाने आपला गोंधळ सांगत नाहीत.

प्रश्न : निवृत्त होऊन मला सव्वा वर्ष झाले. निवृत्तीनंतर वाचायची म्हणून पुस्तके जमवली होती. ती तशीच पडून आहेत. वेळ भरपूर आहे, पण सकाळी उठण्याचे कारण उरलेले नाही. दिवस कसा गेला ते संध्याकाळी आठवत नाही. मी आळशी माणूस कधीच नव्हतो.

उत्तर : तुम्ही आळशी नाही, आणि जे घडते आहे ते ९० हून अधिक वर्षांपूर्वी फार बारकाईने नोंदवले गेले आहे. ऑस्ट्रियातील मारिएंथाल या गावाचे जीवन तेथील एका कापडगिरणीवर अवलंबून होते. ती बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. १९३१-३२ मध्ये मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे संशोधक आपल्या सहकाऱ्यांसह तेथे गेले. आता लोकांजवळ वेळच वेळ होता. तरीही गावाच्या ग्रंथालयातून वाचायला नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या आधीच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आली होती. पुरुष रस्त्याने सावकाश चालत, वारंवार थांबत. दिवसभर काय केले असे विचारले तर त्यांना दोन-तीन गोष्टींपलीकडे काही आठवत नसे. स्त्रियांचे मात्र तसे झाले नव्हते, कारण घरचे काम संपलेले नव्हते आणि त्या कामाने त्यांच्या दिवसाचे तुकडे बांधून ठेवले होते. तुमची न उघडलेली पुस्तके आणि न आठवणारे दिवस वाचले तेव्हा मला हेच गाव आठवले.

याहोडा यांनी पुढे मांडले की नोकरी पैशाखेरीज आणखी पाच गोष्टी नकळत देत असते : दिवसाला वेळेची चौकट, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, अनेकांनी मिळून करायच्या कामात वाटा, समाजात ओळख आणि नियमित हालचाल. निवृत्तीच्या दिवशी आपण पैशाचा हिशेब करतो. या पाचांचा कोणी करत नाही. मारिएंथालच्या लोकांवर दारिद्र्यही कोसळले होते आणि तुमची स्थिती तशी नाही, हा फरक मोठा आहे. परंतु चौकट निघून गेली की मोकळा वेळ सुटा होऊन सांडतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

यावर मनाशी निश्चय करून उपयोग होईल असे मला वाटत नाही. स्वतःला दिलेला शब्द मोडणे सोपे असते. तुम्हांला आठवड्यातून दोन-तीन वेळा असे काम हवे, की तुम्ही गेला नाहीत तर कोणाची तरी अडचण होईल : कोणाला शिकवणे, एखाद्या संस्थेचे कागदपत्र पाहणे, दृष्टिहीन व्यक्तीला वाचून दाखवणे, शेजारच्या मुलाची गणिते तपासणे. काम किती मोठे आहे याला महत्त्व नाही. आपली अनुपस्थिती जाणवते की नाही, याला आहे. ते ठराविक वारी आणि ठराविक वेळी असावे. बाकीचे दिवस त्याच्याभोवती हळूहळू आकार घेतात, आणि पुस्तकेही मग उघडली जातात, कारण वाचायला अमर्याद वेळ असण्यापेक्षा पुढच्या कामापूर्वीचा एक तास असणे बरे.

नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा काळ माणसागणिक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत असल्याचा अंदाज निघाला. मध्यक ६६ दिवसांचा होता, म्हणजे निम्म्या जणांचा काळ याहून कमी आणि निम्म्यांचा याहून जास्त. त्यात मला दिलासा देणारी गोष्ट अशी वाटली की एखाद्या दिवशी खंड पडल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. तेव्हा महिनाभरात जमले नाही म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न : माझ्या आईला चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. तिचे सर्व मीच करते. अलीकडे ती मला ओळखत नाही. एका मैत्रिणीने रोज रात्री कृतज्ञता वाटेल अशा पाच गोष्टी लिहायला सांगितल्या. लिहिते, पण ते खोटे वाटते आणि चीड येते. सगळे म्हणतात, आहे त्यात समाधान मानावे. मला ते जमत नाही. हा माझ्या स्वभावाचा दोष आहे का?

उत्तर : नाही. हे उत्तर मी सर्वांत आधी आणि कोणतीही पुस्ती न जोडता देते.

‘समाधान मानणे’ आणि ‘समाधान होणे’ यांत आपण फरक करतो, आणि तो फरक तुमच्या पत्रात अगदी दुखऱ्या ठिकाणी आला आहे. समाधान होते तेव्हा ते आतून येते. ‘मानून घे’ हे बाहेरून सांगितले जाते, आणि बहुतेक वेळा ते सांगणाऱ्याला आपले दुःख पाहवत नसते म्हणून सांगितले जाते. ज्यांनी तुम्हांला तसे सांगितले त्यांच्यावर रागावू नका, पण त्यांचे ऐकण्याचे बंधनही स्वतःवर घालू नका.

कृतज्ञतेच्या यादीविषयी. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमुळे ही पद्धत लोकप्रिय झाली आणि तिचा अनेकांना उपयोग होतो, हे खरे. परंतु सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा आठवड्यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा आणि आठवड्यातून तीनदा अशा याद्या लिहवून घेतल्या, तेव्हा सुखाची भावना वाढली ती एकदा लिहिणाऱ्यांची. तीनदा लिहिणाऱ्यांची वाढली नाही. वारंवार केले की त्याचे काम होऊन बसते. तुमच्या दिवसात आधीच पुष्कळ कामे आहेत. ती वही खुशाल बंद करा.

तुम्ही ज्यातून जात आहात त्याला पॉलिन बॉस या संशोधिकेने एक नाव दिले आहे, ज्याला मराठीत ‘संदिग्ध वियोग’ म्हणता येईल. माणूस शरीराने समोर आहे आणि मनाने निघून गेले आहे. अशा वेळी शोक करावा तर ते हयात आहे, आणि न करावा तर ते हरवले आहे. आपल्याकडे मृत्यूनंतर चार माणसे येऊन बसतात, परंतु अशा वियोगात कोणी येत नाही, कारण बाहेरून काही घडल्याचे दिसतच नाही. बॉस यांच्या म्हणण्याचा आशय असा की येथे एकच भावना खरी ठरवण्याचा आग्रह सोडावा. आई आहे आणि नाही. तिची सेवा करावीशी वाटते आणि यातून सुटावेसेही वाटते. दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या तोंडी शोभतात.

माझ्या वडिलांच्या अखेरच्या दोन वर्षांत मी त्यांच्याजवळ होते. त्या काळात आपण काही अर्थपूर्ण करत आहोत असे मला क्वचितच वाटले. बहुतेक दिवशी मी थकलेली आणि त्रासलेली असे. परंतु दर रविवारी मी त्यांची नखे कापत असे. एका हाताची कापून झाली की ते काहीही न बोलता दुसरा हात पुढे करत. मी कोण आहे हे त्यांना त्या क्षणी ठाऊक होते की नाही, मला सांगता येणार नाही. तो हात पुढे येणे मला आजही आठवते, बाकीचे पुष्कळसे पुसट झाले आहे. हे मी तुम्हांला धीर देण्यासाठी सांगत नाही. तुमच्या बाबतीत असे काही घडेलच असे नाही. समाधान आलेच तर ते चार वर्षांच्या सेवेचे एकत्रित असे येत नाही, पाच मिनिटांचे येते, आणि ते न आल्यामुळे सेवेचे मोल कमी होत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता जे सर्वांत निकडीचे आहे ते लिहिते. तुमच्या पत्रात झोपेचा उल्लेख एकदाही नाही, आणि तेच मला अधिक काळजीचे वाटले. ‘काही मदत लागली तर सांग’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला नेमके काम आणि नेमकी वेळ सांगा : ‘दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच आईजवळ बसशील का?’ मोघम मदतीला होकार देणे सर्वांना सोपे जाते आणि ती मिळत मात्र नाही. नेमक्या विनंतीला काही जण नकार देतील, परंतु जे हो म्हणतील ते येतील. त्या तीन तासांत घरची कामे उरकू नका. झोपा, किंवा बाहेर जा. आईवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तुमच्या स्वतःच्या थकव्याविषयीही सांगा; रुग्णाच्या काळजीत काळजी घेणाऱ्याची प्रकृतीही येते.

प्रश्न : समाधानी माणूस पुढे जात नाही, असे मला वाटते. संतोष हे आळसाला दिलेले गोंडस नाव नव्हे काय?

उत्तर : पतंजलींनी योगसूत्रांत पाच नियम सांगितले आहेत : शौच (शुद्धता), संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान (ईश्वराला समर्पण). संतोषाच्या लगेच पुढचा शब्द तप आहे. संतोष म्हणजे कष्ट सोडणे असा अर्थ असता तर हे दोन शब्द एकाच सूत्रात शेजारी बसलेच नसते. ज्याला आजच्या दिवसाशी भांडण नाही, त्याची शक्ती कामाकरिता शिल्लक राहते, असा त्यांचा संबंध मी लावते.

उलट बाजूही पाहा. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये असे मांडले की माणसाला नव्या सुखाची लवकरच सवय होते आणि तो पुन्हा पूर्वीच्या पातळीवर येतो. ब्रिकमन यांच्याच १९७८ च्या अभ्यासात लॉटरी जिंकलेल्या २२ जणांना रोजच्या साध्या गोष्टींत इतरांपेक्षा कमी आनंद वाटत असल्याचे दिसले. हा अभ्यास लहान होता आणि तो जरा जास्तच सांगितला जातो. स्वीडनमधील मोठी बक्षिसे जिंकलेल्यांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात एकंदर आयुष्याविषयीचे त्यांचे समाधान अनेक वर्षे वाढलेले दिसले. तेव्हा पैशाने काहीच होत नाही असे मी म्हणणार नाही. परंतु पुढची पायरी गाठल्यावर समाधान आपोआप मिळेल या भरवशावर आजचा दिवस ढकलत नेणारा माणूस पुढे जातो आहे की नुसता धावतो आहे, हे तुम्हीच ठरवा.

प्रश्न : रोजची कामे करताना मन दुसरीकडेच असते. प्रत्येक क्षणी सजग राहायला हवे का?

उत्तर : प्रत्येक क्षणी शक्य नाही आणि आवश्यकही नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारले, तेव्हा जवळपास ४७ टक्के वेळा त्यांचे मन हातातील कामावर नव्हते, आणि अशा वेळी ते कमी सुखी होते. मन सुखद विचारांत रमलेले असले तरी कामावर लक्ष असण्याहून ते अधिक सुख देत नव्हते. दिवसातील एकच काम निवडा, शक्यतो हातांचे आणि दहा मिनिटांत संपणारे, आणि ते करताना दुसरे काही ऐकू नका, पाहू नका. इतर वेळी मन भटकले तर भटकू द्या. पुष्कळ चांगल्या कल्पनाही तेव्हाच सुचतात.

प्रश्न : आपण इतरांना उत्तरे देता. आपण स्वतः समाधानी आहात का?

उत्तर : काही दिवशी असते. मराठीत ‘समाधान’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात : मनाची तृप्ती आणि शंकेचे निरसन. मूळ संस्कृत शब्दात ‘नीट एकत्र ठेवणे’ हा भाव आहे, आणि मला तो तिसरा अर्थ सर्वांत जवळचा वाटतो. दिवस संपताना त्या दिवसाच्या वस्तू जागच्या जागी ठेवल्यासारखे वाटले, तर मला समाधान असते. त्यांतील सर्व वस्तू चांगल्या असतातच असे नाही.

एक वस्तू अशी आहे की जी मला आजवर नीट ठेवता आलेली नाही. अनेक वर्षांपूर्वी एका दिवंगत व्यक्तीवरचा स्मृतिलेख माझ्या हातून गेला आणि त्यात त्या व्यक्तीचे नाव एका ठिकाणी चुकीचे छापले गेले. लेखातील प्रत्येक स्वल्पविराम मी पाहिला होता. नाव ओळखीचे वाटल्यामुळे त्याच्यावरून नजर पुढे सरकली. त्यांच्या मुलीचे पत्र आले. त्यात राग नव्हता. ‘ते आपल्या नावाच्या बाबतीत फार काटेकोर होते,’ एवढेच तिने लिहिले होते. मी क्षमा मागितली, पुढील अंकात दुरुस्ती छापली, आणि तरीही ते पत्र मनातून गेले नाही. मला त्याचे समाधान आहे असे मी म्हणणार नाही, आणि ते असावे असेही मला वाटत नाही.

त्यानंतर मी नावे वेगळ्या रीतीने वाचू लागले. बाकीचा मजकूर संपला की पुन्हा पहिल्या पानावर येते आणि फक्त नावे वाचते, मोठ्याने, एकेक अक्षर सुटे करून, शेवटापासून सुरुवातीकडे, म्हणजे ओळखीमुळे नजर घसरत नाही. नोकरी सोडून बरीच वर्षे झाली. या सदराची मुद्रिते अजून माझ्याकडे येतात आणि वर आलेली संशोधकांची नावेही मी काल रात्री अशीच वाचली.